शिट्टी, पंच, पुंगळी आणि एक घड्याळ

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक सेवेतले. पोलीस, सिस्टर, अग्निशमन दलातले फायरमन, एसटीचे कंडक्टर, एकशे आठवरचे ड्रायव्हर, देवळालीचे काही फौजी. जूनअखेर काम थांबवून मुलाकडे बंगळुरूला कायमची जाते आहे. गंगापूर रोडचं घर आवरताना एका कपाटापाशी येऊन अडले. या लोकांनी जाताना दिलेल्या वस्तू त्यात आहेत. कुंभाच्या बंदोबस्तातली शिट्टी, एसटीचा तिकीट पंच, बंदुकीची रिकामी पुंगळी, एका सिस्टरने विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ, पत्रांचा गठ्ठा. एका हवालदारांनी त्यांना मिळालेलं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह माझ्या हातात ठेवलं होतं. "घरात नको वाटतं," एवढंच म्हणाले. ते आता हयात नाहीत, आणि ते माझ्याकडे येत होते हे त्यांच्या घरी ठाऊक नव्हतं. सून म्हणते, शोकेसमध्ये लावा, नाहीतर टाकून तरी द्या. आमच्या संस्थेला वर्धापनदिनी कालिदास कलामंदिरात या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचंय. गेल्या आठवड्यात, अजून येत असलेल्या एका ड्रायव्हरने वडिलांचं एचएमटीचं घड्याळ दिलं. "मॅडम, हे तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाला. मला नको म्हणवलं नाही. आणि एक सांगते, दिवस वाईट गेला की मी ते कपाट उघडून बसते. यात माझं काही चुकतंय का? काय ठेवू, काय देऊ?
– एक समुपदेशक, नाशिक

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या यादीत घड्याळ सगळ्यात शेवटी आलं. माझं वाचन मात्र तिथेच थांबलं, आणि पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला तो त्यासाठीच. आपलं बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या ड्रायव्हरना बोलावून घेतलंत. ते काय म्हणाले हे तुम्ही मला कळवलं नाहीत, मीही विचारलं नाही. हे पत्र छापायला तुम्ही परवानगी दिलीत, आणि वस्तू ओळखू येऊ नयेत इतपत तपशील आपण दोघींनी मिळून बदलले आहेत. तरी घड्याळाचं कारण इथे लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्यांत तुमच्या व्यवसायातले पुष्कळ आहेत आणि नसलेलेही आहेत.

काम संपवून निघताना दिलेली वस्तू आणि काम चालू असताना मध्येच दिलेली वस्तू, या दोन्ही आपण "भेट" म्हणून एकाच कप्प्यात टाकतो. मध्येच, न मागता, स्वतःला जिवापाड प्रिय असलेली वस्तू माणूस दुसऱ्याच्या स्वाधीन करतो तेव्हा त्याच्या मनात जगणं आवरून घेण्याचा विचार तर नाही ना, हे बघावंच लागतं. आत्महत्येच्या धोक्याची जी लक्षणं सगळीकडे शिकवली जातात, त्यात हे एक आहे. प्रिय वस्तू वाटून टाकणं, देणीघेणी मिटवणं, फार दिवसांच्या तगमगीनंतर माणूस अचानक शांत दिसायला लागणं. तुमच्या बाबतीत दुसरी शक्यताही तितकीच होती. तुम्ही जाणार हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे ती निरोपाची भेट असू शकते. किंवा घरात भावाभावांत वाटणी चालू असेल आणि घड्याळ कुणी विकू नये म्हणून तुमच्याकडे ठेवलं असेल. पण यातलं नेमकं कोणतं, हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. त्यांना समोर बसवून सरळ विचारायचं: "हे मला आत्ताच का द्यावंसं वाटलं? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार मनात येतोय का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. उलट विचार असलेल्या माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचवायचं. ज्या घरात असा समुपदेशक हाताशी नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे, नंबर 14416. तो रात्रीही लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

घड्याळ तुम्ही ठेवायचं की परत करायचं हे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून ठरवा. माझं मत विचाराल तर परत करा. जूनपर्यंत तुम्ही इथे आहात. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ तुम्हाला दर आठवड्याला दिसत राहील, तेवढं पुरे.

आता उरलेलं कपाट.

सेवेतल्या माणसांना घेणं जमत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण वाचकांना सांगायला हवं. ज्या सिस्टरने नाइट ड्युटीत एकटीने वॉर्ड ओढला, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन घरी जाऊन डबे भरले, तिच्यावर तुमच्यासमोर रडायची वेळ येते तेव्हा रडण्यापेक्षा मदत घ्यावी लागली याचीच तिला जास्त लाज वाटत असते. आगीची वर्दी आली की बंबावर चढणारा फायरमन, बंदोबस्तात सोळा-सोळा तास उभा राहणारा शिपाई, सगळ्यांचं तेच. आयुष्यभर आपण वाचवणाऱ्यांत, मग वाचवून घेणाऱ्यांत कसे आलो? आणि मग शेवटच्या दिवशी ते काहीतरी आणतात. बहुतेकदा दुकानातलं नसतं. ज्याच्या जोरावर आपण कुणीतरी होतो ती वस्तू आणतात. शिट्टी, पंच, खांद्यावरची फीत. माझा समज असा की त्यात आभार अर्धेच असतात. उरलेलं अर्धं म्हणजे फिटंफाट. आता मी तुमचा देणेकरी नाही, पुन्हा देणाऱ्यांच्या बाजूला आलो. म्हणून ती वस्तू दोन्ही हातांनी घेणं हा तुमच्या कामाचाच भाग होता. तिथे नियमावर बोट ठेवून "आम्हाला भेटी चालत नाहीत" म्हटलं असतं, तर त्या माणसाला पुन्हा याचकाच्या खुर्चीत बसवल्यासारखं झालं असतं.

भेटी घ्याव्यात की नाही, यावर या व्यवसायात पुष्कळ खल झालेला आहे. अमेरिकन समुपदेशक संघटनेने 2014 मध्ये जी आचारसंहिता काढली, तीत भेटींना सरसकट बंदी नाही. काही समाजांत छोटी भेट म्हणजे आदर आणि कृतज्ञता, हे तिथे मान्य केलंय, आणि घ्यायची की नाही हे ठरवताना काय काय तपासावं ते दिलंय: तुमचं आणि त्या माणसाचं नातं, भेटीची किंमत, देणाऱ्याचा हेतू, आणि घेणाऱ्याचाही हेतू. पहिल्या तिन्हींवर समुपदेशक तासन्तास बोलतात. चौथ्यावर बोलायची वेळ आली की चहा येतो.

तुम्ही मात्र न विचारता त्या चौथ्याचं उत्तर लिहून टाकलंत. वाईट दिवशी कपाट उघडून बसते. ताई, यात काही चुकत नाही. तुमचं काम असं आहे की त्याची पावती कुठेच मिळत नाही. शिक्षकाचा विद्यार्थी कॉलेज रोडवर भर रस्त्यात वाकून नमस्कार करतो. डॉक्टरांचा पेशंट लग्नाची पत्रिका घेऊन येतो. तुमच्याकडे आलेला पोलीस तुम्हाला सीबीएसच्या सिग्नलला भेटला तर नजर चुकवून पुढे जातो, आणि त्याने तसं जावं म्हणून तुम्हीही दुसरीकडे बघता. वर्षानुवर्षं लोकांच्या अपघातांचं, जळितांचं, चेंगराचेंगरीचं ऐकत राहायचं, घरी आल्यावर त्यातलं अक्षर बोलायचं नाही, आणि आपलं काही उपयोगी पडलं का हे विचारायचं तरी कुणाला? तेव्हा एखाद्या दिवशी शिट्टी हातात घेऊन बसलात, तर बसा. मला खटकलं असतं ते एकाच गोष्टीवर. वस्तू मिळाव्यात म्हणून तुम्ही माणसं सोडेनाशा झाला असतात, किंवा काही न देणाऱ्यांची आठवण तुम्हाला येईनाशी झाली असती, तर. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तरी एकदा बसून न देणाऱ्यांचीही आठवण काढा. त्यांची संख्या जास्त असणार, आणि त्यांत तुमचं चांगलं काम भरपूर असणार.

प्रदर्शनाला माझा स्पष्ट नकार आहे. संस्थेचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण नाशिक वाढलं तरी ओळखीपाळखीचं गाव राहिलंय. कुठल्या चौकीत कोण होतं, कुठल्या डेपोतून कोण लवकर निवृत्त झालं, हे सांगणारा एक तरी माणूस कालिदासच्या पायऱ्यांवर उभा असतोच. 27 ऑगस्ट 2003 ला, इथल्या कुंभात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. त्या दिवशी बंदोबस्ताला कोण कुठे उभं होतं, हे त्या वेळच्या पोलिसांना अजून पाठ आहे. काचेखाली शिट्टी ठेवून शेजारी "कुंभ बंदोबस्त" एवढी चिठ्ठी लावलीत, तरी दोन निवृत्त माणसं चहा पिता पिता नावापर्यंत येतील. बक्कल नंबर झाकून भागत नाही. पोलीस समुपदेशकाकडे यायला का कचरतात ते तुम्हाला माहीत आहे. साहेबांना कळेल, हत्यार काढून घेतील, बदली होईल, बायको काय म्हणेल. त्या भीतीवर मात करून जो तुमच्या दारात आला, त्याची शिट्टी हॉलमध्ये मांडायची?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याच्या 23व्या कलमाने मानसिक आजाराच्या रुग्णाला त्याची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिलेला आहे. तुमच्याकडे आलेला प्रत्येकजण कायद्याच्या त्या व्याख्येत बसेल असं नाही. पण मोजमाप तेच लावा. आणि वस्तू हीसुद्धा माहितीच आहे.

संस्थेतलं कुणीतरी म्हणेल, मग त्यांची संमती घेऊ. इथेच गोम आहे. तुम्ही विचारलंत तर ते हो म्हणतील. जो तुमच्या ऋणात आहे असं स्वतःला समजतो, तो तुम्हाला नाही कसं म्हणणार? म्हणून विचारायचंच नाही. संस्थेला काही मांडायचंच असेल तर कामाची माहिती मांडा. समुपदेशक म्हणजे काय, इथे आलेलं कुणाला कळवलं जात नाही, अपॉइंटमेंट कशी घ्यायची. 2027च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. बंदोबस्ताचा, रुग्णवाहिकांचा, सफाईचा ताण ज्यांच्यावर येणार आहे त्यांना या माहितीचा उपयोग आहे.

शोकेसचंही हेच उत्तर. सूनबाईंवर रागावू नका. घर बदलताना कुणीतरी असं म्हणावंच लागतं, नाहीतर ट्रकमध्ये जागा उरत नाही. त्यांना सांगा, या वस्तूंच्या मागच्या गोष्टी मला सांगता येणार नाहीत, म्हणून त्या दिवाणखान्यात ठेवता येणार नाहीत. पाहुणा विचारतोच, "हे काय हो?" मग एकतर खोटं बोलायचं, नाहीतर थोडंसं खरं. थोडंसं खरं जास्त वाईट.

सन्मानचिन्हाचा विचार मी सगळ्यात जास्त केला. पहिल्यांदा वाटलं, परत द्यायलाच हवं. महासंचालकांचं सन्मानचिन्ह म्हणजे पोलिसाच्या घरात केवढी गोष्ट. महाराष्ट्र दिनाला यादी लागते, पेपरात नाव येतं, गावी सत्कार होतो. मुलांना, नातवंडांना ते हवंसं वाटेल. त्यांच्या पत्नी कदाचित आजही ट्रंका धुंडाळत असतील. पण ते घेऊन तुम्ही त्या घराची पायरी चढलात की पहिला प्रश्न येणार, "हे तुमच्याकडे कसं?" आणि त्याचं खरं उत्तर द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. माणूस गेला म्हणून त्याने झाकून ठेवलेलं उघडं करायची मोकळीक मिळत नाही. एखाद्या जुन्या सहकाऱ्यामार्फत पाठवावं, तर त्या सहकाऱ्याला कळलं. निनावी पाकिटातून पाठवावं, तर त्या बिचाऱ्या माउलीच्या जिवाला नवा घोर. शिवाय हवालदारांचे शब्द तुम्ही स्वतःच लिहिलेत: घरात नको वाटतं. ज्या कामगिरीबद्दल ते मिळालं, तिची आठवण त्यांना भिंतीवर नको असेल. लोकांना अभिमानाची वाटणारी गोष्ट त्या माणसाला रोज टोचत असणं शक्य आहे. त्यांनी शुद्धीवर, विचार करून, ती वस्तू घराबाहेर नेली. तो निर्णय त्यांचा. तुम्ही तो मोडू नका.

त्यांच्या पत्नी कधी स्वतःहून तुमच्यापर्यंत पोचल्या, नवरा तुमच्याकडे येत होता हे त्यांना आधीच ठाऊक आहे असं दिसलं, आणि त्यांनी सन्मानचिन्हाबद्दल विचारलं, तर मात्र ते त्यांच्या हातात द्या. का दिलं होतं, काय म्हणाले होते, यातलं काही बोलू नका.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो, जो तुम्ही विचारलेला नाही. तुमच्यामागे या वस्तूंचं काय? उद्या बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये मुलाने तो गठ्ठा सोडला, तर पहिलं पत्र तो वाचणारच. तेव्हा जूनच्या आधी हे लिहून ठेवा, की फायली, पत्रं आणि या वस्तू तुमच्यानंतर कुणाच्या ताब्यात जातील. तो माणूस घरातला नको. तुमच्यासारखीच गोपनीयता पाळायला बांधलेला, तुमच्याहून तरुण समुपदेशक हवा. त्याला आधी विचारा. सन्मानचिन्ह सीलबंद पाकिटात घालून त्याच्याकडेच द्या, वर फक्त "उघडू नये" एवढं लिहा. मुलालाही एका ओळीत सांगून ठेवा की हे पाकीट आपलं नाही.

पत्रांपैकी ज्यांची तुम्हाला खरोखर सोबत वाटते, अशी मोजकी ठेवा, वरची नावं कापून. बाकीची बारीक फाडून नष्ट करा. रद्दीवाल्याकडे मुळीच नकोत. आणि आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचा निरोप घ्यायचा म्हटलं की पाय रामकुंडाकडे वळतात, तेही नको. गोदावरीवर आधीच आपले पुष्कळ उपकार झालेत.

पुंगळी विमानात नेऊ नका. हे गंमत म्हणून सांगत नाही. ओझरला सामान तपासताना पितळेची पुंगळी निघाली तर रिकामी असली तरी चौकशी होणार, आणि "कुणी दिली?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ शकणार नाही. शिवाय गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करून घेतात. ही त्या मोजणीतून सुटलेली असेल तर देणाऱ्यालाच त्रास. त्या जवानाशी संपर्क असेल तर त्यालाच शांतपणे परत द्या आणि सांगा, मी जाते आहे, आता ही तुझ्याकडे राहू दे. संपर्क नसेल तर आधी ओळखीच्या वकिलाला विचारा.

पंच ठेवा. यंत्रं आल्यापासून तो कुणाला लागत नाही, आणि नुसत्या पंचावरून कंडक्टर ओळखू येत नाही. शिट्टीही ठेवा, नंबर नसेल तर.

पुढच्या महिन्यांत निरोपाच्या भेटी येतील, रांग लागेल. त्यासाठी आत्ताच प्रत्येकाला सांगून ठेवा की वस्तू नको, द्यायचंच असेल तर दोन ओळी द्या, त्याही सही न करता. द्राक्षं कुणी आणलीच तर घ्या, त्यांच्यासमोर पाटी फोडा, सगळे मिळून खा. पाकिटातून पैसे आले तर पाकीट न उघडता परत. जे घ्याल त्याची नोंद फाइलमध्ये करा: तारीख, काय दिलं, देताना काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात. जुन्या वस्तूंची नोंद नसेल तर आठवेल तशी आज करा. आणि ही नोंद घेताना जो माणूस अजून तुमच्याकडे येतोय, त्याची पुढची व्यवस्था कुणाकडे लावली हेही त्याच पानावर लिहा. नवा समुपदेशक नाव-नंबरासकट ठरलेला असू द्या. जमलं तर एक सेशन तिघांचं घ्या, म्हणजे तुम्ही जाण्याआधी त्यांची तोंडओळख झालेली असेल. घड्याळवाल्या गृहस्थांपासून सुरुवात करा.

क्रोशाचा टेबलक्लॉथ मात्र कपाटात काय करतोय? सिस्टरने तो टेबलासाठी विणला होता. बंगळुरूच्या टेबलाचं माप घ्या. कुणी विचारलंच, तर नाशिकच्या एका मैत्रिणीने दिला म्हणा. हे खोटं ठरत नाही.

तुमची,
सदरलेखिका

(या सदरातली पत्रं लेखकाच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून छापली जातात.)